पिवळा दिवाणखाना, निळी बैठक

मराठीच्या वर्गात 'शाकुंतला'चा विषय निघाला की गटे एका ठरलेल्या मुद्रेत हजर होतो. नाटक डोक्यावर घेऊन तो नाचत असतो. ही आख्यायिका आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिच्यापलीकडचा गटे पाहण्याची गरज कोणाला फारशी वाटत नाही. पक्के आहे ते एवढेच की विल्यम जोन्सने १७८९ मध्ये 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतर केले, त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले आणि ते वाचून गटेने त्याच वर्षी चार ओळींची एक स्तुतिपर कविता लिहिली. नाचाचे काही सांगता येत नाही. पण त्याच १७९१ साली त्याने आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली, तिच्याकडे आपले साहित्याचे अभ्यासक ढुंकूनही पाहत नाहीत. ती होती प्रकाशशास्त्रावरच्या त्याच्या लेखमालेचा पहिला भाग. शकुंतला आणि लोलक हे दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर एकाच वर्षी होते. प्रस्तुत लेख त्यातल्या लोलकाच्या बाजूचा आहे. त्याहून नेमके सांगायचे तर तो घराच्या भिंतींचा आहे. गटेच्या वायमार येथील घरात शेजारी शेजारी असलेल्या दोन खोल्या, एक पिवळी आणि एक निळी, हा त्याचा विषय.

वायमारच्या फ्राउएनप्लान या चौकातले हे घर १७०९ मधले. गटे तेथे प्रथम १७८२ मध्ये भाड्याने राहायला आला, १७८९ मध्ये त्याला ते सोडावे लागले आणि १७९२ मध्ये तो परत आला. पुढे दोन वर्षांनी ड्यूक कार्ल आउगुस्टने ते त्याला बहाल केले. परतल्यावर गटेने घराची अंतर्बाह्य पुनर्रचना आरंभली. इटलीच्या प्रवासातून (१७८६ ते १७८८) तो डोळ्यांत निराळाच उजेड घेऊन आला होता, आणि जर्मनीच्या ढगाळ हवेत त्या उजेडाला घर हवे होते. मूळच्या अरुंद जिन्याच्या जागी त्याने इटालियन वळणाचा रुंद, संथ चढाचा जिना बांधवला. स्विस चित्रकार हाइनरिश मायर हा त्याचा मित्र या सजावटीत सल्लागार होता. आजही जिना चढून वर गेले की उंबऱ्याशी जमिनीवर 'साल्वे' हा लॅटिन स्वागतशब्द लिहिलेला आढळतो आणि त्यापुढे दार उघडते ते पिवळ्या दिवाणखान्यात. मोठ्या पंगतीच्या जेवणांची ही जागा. तिला लागूनच निळी बैठक. तिथे जूनो देवतेच्या प्रचंड मस्तकाची प्लास्टरची प्रतिकृती आहे, म्हणून ती जूनोची खोली या नावाने ओळखली जाते. गंमत अशी की ज्या रोमन शिल्पाची ही प्रतिकृती, ते देवतेचे नसून आंतोनिया या राजकुलातील स्त्रीचे असावे, असे आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. गटेला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. रोममध्ये असताना या मस्तकाच्या प्रतिकृतीवर तो इतका लुब्ध होता की तिला त्याने आपली रोममधली पहिली प्रेयसी म्हटले. ती प्रतिकृती मागेच राहिली. दुसरी वायमारला पोहोचली ती १८२३ मध्ये, तो चौऱ्याहत्तर वर्षांचा असताना.

भिंतीचा आणि गटेच्या रंगविचाराचा संबंध मात्र या दोन खोल्यांच्याही आधीचा आहे, आणि तो एका पांढऱ्या भिंतीपासून सुरू होतो. १७९० च्या सुमारास त्याने येना येथील ब्यूटनर नावाच्या विद्वानाकडून काही लोलक उसने आणले होते. प्रयोगाला मुहूर्त लागेना. मालकाने अखेर निरोप्या धाडला. परत करण्यापूर्वी निदान एकदा डोळ्यांना लावून पाहावे म्हणून गटेने लोलक उचलला. तो त्या वेळी नव्याने सफेदी दिलेल्या खोलीत होता. न्यूटनविषयी जे ऐकले होते त्यावरून सारी भिंत सप्तरंगी दिसेल, अशी त्याची अपेक्षा होती. भिंत पांढरीच राहिली. रंग उमटले ते फक्त जिथे पांढऱ्याला काळोख्या वस्तूची कड भिडत होती तिथे, खिडकीच्या गजांशी, चौकटीच्या कडेला. त्या क्षणी आपल्या तोंडून न्यूटन चुकला असे उद्गार निघाले, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले.

वास्तविक न्यूटन चुकला नव्हता. १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मधील उपपत्तीनुसारही एकसारखी पांढरी भिंत लोलकातून पांढरीच दिसायला हवी. कारण भिंतीच्या प्रत्येक बिंदूतून फाकलेले रंग शेजारच्या बिंदूच्या रंगांवर पडून पुन्हा पांढरे होतात, आणि ही भरपाई जिथे तुटते त्या कडांवरच रंगांच्या पट्ट्या उरतात. एका बाजूला पिवळा-तांबडा, दुसऱ्या बाजूला निळा-जांभळा. भौतिकशास्त्राच्या न्यायालयात हा खटला पहिल्याच दिवशी निकालात निघाला असता. पण गटेने त्या कडांकडे पाहिले ते कवीच्या हट्टाने, आणि वीस वर्षे पाहत राहिला. १८१० मध्ये त्याचा रंगमीमांसेवरचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या केवळ उपदेशपर भागाचेच ९२० परिच्छेद आहेत. न्यूटनवर तुटून पडणारा खंड आणि रंगविचाराचा इतिहास सांगणारा खंड वेगळेच. न्यूटनवरील खंड आज वाचवत नाही. इतका मोठा माणूस इतका आकांडतांडव का करतो, असा प्रश्न पडून वाचक ओशाळतो. इतिहासाचा खंड मात्र वाचनीय आहे आणि उपदेशपर भागातले शेवटचे प्रकरण, रंगांचा इंद्रियांवर आणि मनोवृत्तीवर होणारा परिणाम सांगणारे, हे साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे.

गटेच्या मते मूळ रंग दोनच, पिवळा आणि निळा. प्रकाश गढूळ माध्यमातून आपल्याकडे आला की पिवळा होतो. आणि उजळलेल्या गढूळ माध्यमातून पलीकडचा काळोख पाहिला की तो निळा दिसतो. मावळता सूर्य पिवळा-तांबडा आणि आकाश निळे ते यामुळे. हे समजायला वायमारला जाण्याची आवश्यकता नाही. चुलीचा पातळ धूर काळ्या भिंतीसमोर निळसर दिसतो आणि तोच झरोक्याच्या उजेडासमोर पिवळट-तपकिरी दिसतो, हे आपल्या आज्यांनी रोज पाहिलेले आहे. तेव्हा पिवळा हा प्रकाशाचा शेजारी, निळा हा काळोखाचा. या दोघांना गटेने धन आणि ऋण अशी नावे दिली आणि त्यांच्याखाली जोड्यांचा एक पटच मांडला: उजेड आणि छाया, बळ आणि दौर्बल्य, ऊब आणि गारवा, जवळीक आणि अंतर. आपल्याकडे शीत आणि उष्ण गुणांच्या भाषेत वाढलेल्या वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये.

या पटावरून तो थेट खोलीत येतो, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने मुद्दा येथेच आहे. पिवळ्याविषयी तो सांगतो की हा रंग प्रसन्न, खेळकर, हळुवारपणे उत्तेजित करणारा. हिवाळ्याच्या मळभल्या दिवशी पिवळ्या काचेतून बाहेरचा देखावा पाहावा; डोळा सुखावतो, ऊर विस्तारतो, ऊब आल्याचा भास होतो. निळ्याविषयी लिहिताना त्याची भाषा एकाएकी सावध होते. उंच आकाश आणि दूरचे डोंगर निळे दिसतात, त्यामुळे निळा पृष्ठभाग आपल्यापासून मागे सरकतो आहे असे वाटते. पण जी सुखद वस्तू दूर पळते तिच्यामागे आपण जातो, तसे आपण निळ्याकडे पाहत राहतो. तो अंगावर येत नाही, ओढून नेतो. निव्वळ निळ्याने मढवलेल्या खोल्या काहीशा मोठ्या भासतात, आणि त्याबरोबरच रित्या व थंड. ज्याच्या घरात एक निळी बैठक आहे असा माणूस हे लिहीत होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

मग जेवणाच्या खोलीला पिवळा आणि बैठकीला निळा का? उत्तर उघड दिसते. पंगतीला ऊब हवी, हास्यविनोद हवा, माणसांनी एकमेकांजवळ यावे असे वातावरण हवे, तिथे पिवळा. बैठकीत यजमान आणि पाहुणा यांच्यात एक अंतर असावे, नजर भिंतीवर न अडखळता चित्रावर, मस्तकावर जावी, तिथे निळा. जूनोचे शुभ्र मस्तक निळ्यासमोर पुढे येते, कारण निळा मागे सरतो. पिवळ्यासमोर तेच प्लास्टर मळकट दिसले असते. याच खोलीत पियानो असे. बारा वर्षांचा फेलिक्स मेंडेल्सोन १८२१ मध्ये गटेच्या घरी येऊन वाजवून गेला, आणि पुढे १८३१ मध्ये क्लारा वीक ही मुलगी. जेवणानंतर मंडळी पिवळ्यातून उठून निळ्यात जात, म्हणजे गप्पांतून ऐकण्याकडे. ही रचना आमच्या मते नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाची आहे, आणि गटे अनेक वर्षे वायमारच्या नाट्यगृहाचा संचालक होताच.

मात्र येथे अभ्यासकाने जपून राहिले पाहिजे. गटेने आपल्या सिद्धांतानुसार घर रंगवले, असे मार्गदर्शक पुस्तिका सांगतात आणि पाहुणे तसे मानून परततात. कालक्रम एवढा सरळ नाही. घराची पुनर्रचना १७९२ पासूनची, ग्रंथ १८१० चा, जूनो १८२३ ची. म्हणजे भिंती आधी आणि सिद्धांत नंतर असाही क्रम लावता येतो. खोल्यांत वर्षानुवर्षे वावरताना पाहुण्यांचे चेहरे कसे उजळतात, कोण कुठे गप्प होतो, हे त्याने पाहिले आणि मग परिच्छेद लिहिले, असे मानायला अधिक जागा आहे. आज आपण जे रंग पाहतो तेही जसेच्या तसे त्याच्या काळातले नव्हेत. फेब्रुवारी १९४५ मधील बॉम्बहल्ल्यात या घराचा काही भाग उद्ध्वस्त झाला आणि दुरुस्तीनंतर ते १९४९ मध्ये पुन्हा खुले झाले. भिंतीचा रंग ही हस्तलिखितासारखी गोष्ट आहे; तिलाही पाठभेद असतात आणि संपादक असतात. संहिताचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पिवळा आणि निळा ही जोडी गटेच्या लेखणीत सिद्धांतापूर्वीही अवतरली होती. १७७४ मधल्या 'वेर्थर' या कादंबरीचा नायक निळा कोट आणि पिवळे जाकीट घालतो आणि त्याच पोशाखात मरतो. या पोशाखाचे वेड युरोपभर पसरले. लायप्सिशमध्ये १७७५ मध्ये पुस्तकावर आणि पोशाखावरही बंदी आली. हृदयाशी पिवळा आणि त्यावरून निळा, हे त्या तरुण लेखकाने केवळ तत्कालीन फॅशन म्हणून निवडले असेल. पण पंचवीस-तीस वर्षांनी हेच दोन रंग त्याच्या विश्वाचे दोन ध्रुव होतात, याला योगायोग म्हणून सोडून देणे आम्हाला तरी जमत नाही.

पिवळ्याविषयी गटेने आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे आणि ते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. हा रंग शुद्ध असेतोवर सोन्याचा आणि रेशमाचा. पण किंचित मळला, हिरव्याकडे झुकला, जाड्याभरड्या कापडावर पडला, की तोच किळसवाणा होतो. आगीचा आणि सोन्याचा सुंदर ठसा मग कलंकाचा होतो. दिवाळखोरांच्या टोप्या आणि ज्यूंच्या अंगरख्यांवरची पिवळी वर्तुळे यांतून तेच झाले, असे तो लिहितो. तो कोणाची बाजू घेत नाही, निषेधही करत नाही. वनस्पतीचे पान न्याहाळावे तसे न्याहाळतो. विसाव्या शतकात तीच पिवळी खूण ज्यूंच्या छातीवर परत आली. वायमारच्या वेशीबाहेर एटर्सबर्ग टेकडीवर १९३७ मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली. ही तीच टेकडी, जिथे गटे फिरायला जात असे. पिवळ्या दिवाणखान्यापासून ती छावणी काही किलोमीटरवर होती. रंगाचा नैतिक परिणाम, हे शब्द गटेने लिहिले तेव्हा त्याच्या मनात असे काही नव्हते; आपल्याला मात्र ते प्रकरण आता त्या टेकडीला वगळून वाचता येत नाही.

आपल्या घरांकडे वळलो तर काय दिसते? जुन्या मराठी घरांच्या भिंतींचा संसार चुना, गेरू, पिवडी, शेणमाती आणि नीळ एवढ्यांत आटोपे. यांतली निळीची चिमूट विशेष विचार करण्यासारखी आहे. चुन्याची सफेदी कालांतराने पिवळट पडते. म्हणून भिजवलेल्या चुन्यात थोडी नीळ कालवत, आणि धोतरे-उपरणीही निळीच्या पाण्यातून काढत. पांढरे अधिक पांढरे दिसावे म्हणून त्यात निळे घालायचे, हे तर्काला विचित्र वाटते. पण पिवळ्याला मारतो तो निळा, ही विरोधाची जाण त्यात आहे. दोन रंग परस्परांना तोलतात हे सांगायला गटेने हजारभर पाने घेतली. आमच्याकडे ते दिवाळीपूर्वीच्या सफेदीच्या बालदीत होत असे. अर्थात गटेला चुना आणि निळा यांचे साहचर्य अगदीच अपरिचित नव्हते. १७८७ मध्ये सिसिलीत असताना चुन्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर साचणारा निळा थर त्याने पाहिला होता आणि तिथले लोक तो राजावर्त रत्नाऐवजी नक्षीकामात वापरतात, हे टिपून ठेवले होते. याच जातीचा निळा फ्रान्समध्ये गिमे याने १८२० च्या दशकात कृत्रिमरीत्या बनवला आणि पुढे कपड्यांच्या निळीत जुन्या वनस्पतिजन्य निळीची जागा त्यानेच घेतली.

असो. गटे स्वतः कुठे बसत असे? ना पिवळ्यात, ना निळ्यात. या दोन्ही खोल्या घराच्या दर्शनी भागातल्या, पाहुण्यांच्या. लिहिण्याची खोली मागे, बागेकडे तोंड करून. छत ठेंगणे, खिडक्या लहान, सामान ओबडधोबड लाकडाचे, गादीची बैठक नाही. उंची खोल्या आणि मऊ आसने आपल्याला आळशी बनवतात, ती राजेरजवाड्यांना आणि श्रीमंतांना ठीक, असे त्याने उतारवयात एकरमानला सांगितले. या खोलीचा रंग हिरवट. सिद्धांतात हिरव्याची जागा अशी की पिवळा आणि निळा समतोल मिसळले की डोळा आणि मन त्या मिश्रणावर विसावतात, पुढे जाण्याची इच्छा उरत नाही. म्हणून माणूस ज्या खोलीत सदैव असतो तिथे बहुधा हिरवा निवडतात. (याच काळात युरोपात हिरव्या भिंतकागदांचे पेव फुटले होते, त्यांतील कित्येक आर्सेनिकयुक्त रंगाचे. १८३९ मध्ये लिओपोल्ड ग्मेलिन या रसायनशास्त्रज्ञाने त्यांच्या विषारीपणाविषयी जाहीर इशारा दिला. विसाव्याचा रंग विषाचा निघाला.) दोन रंगांची तुलना करता करता निर्णय झाला तो तिसऱ्याच्या बाजूने, आणि तोही फक्त स्वतःपुरता.

आपल्याकडच्या वाड्यात ओटी पाहुण्यांची आणि माजघर बायकांचे. वायमारच्या घरातही असे माजघर होते. क्रिस्टिआने वुल्पिउस १७८८ पासून गटेबरोबर होती; अविवाहित सहजीवनामुळे शहराचा रोष ओढवला होता, आणि १७८९ मध्ये घर सोडावे लागले ते याच पार्श्वभूमीवर. परतल्यावरही प्रतिष्ठितांची पाने पिवळ्या दिवाणखान्यात मांडली जात तेव्हा गृहिणीच्या जागी तिला बसता येत नसे. तिच्या खोल्या वेगळ्या बाजूला. बाग, कोठीघर, स्वयंपाक, मुले, सारे तिच्याकडे. पिवळ्यात जे वाढले जाई ते तिच्या हातचे किंवा तिच्या देखरेखीखालचे. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येनाच्या लढाईनंतर फ्रेंच सैनिक घरात घुसले तेव्हा त्यांना सामोरी गेली ती. पाच दिवसांनी गटेने तिच्याशी विवाह केला. त्यानंतर तिला प्रथम चहाला बोलावणारी योहाना शोपेनहाउअर. गटेने तिला आपले नाव दिले आहे तर आपण चहा द्यायला काय हरकत, अशा अर्थाचे तिने आपल्या मुलाला कळवले. रंगमीमांसेत पिवळ्याच्या उबेविषयी इतके आहे, पण त्या उबेच्या खोलीत कोणाला बसू दिले जाई, याविषयी अवाक्षर नाही. ते तिथे शोधणे अन्यायाचे, असे कोणी म्हणेल. ग्रंथात 'नैतिक' हा शब्द नसता तर आम्हीही तसेच म्हटले असते.

तो मुलगा म्हणजे आर्थर शोपेनहाउअर. १८१३-१४ च्या हिवाळ्यात तो वायमारमध्ये गटेबरोबर रंगांचे प्रयोग करीत होता आणि १८१६ मध्ये त्याने स्वतःचे पुस्तक काढले, ज्यात रंग हा डोळ्याच्या पडद्याचा व्यापार ठरवला. गटेला हे रुचले नाही. त्याला रंग जगातही हवा होता. त्याच वर्षी जूनमध्ये क्रिस्टिआने वारली. पुढे रंगविचाराची वाट डोळ्याकडेच गेली. १८७० च्या दशकात एवाल्ड हेरिंगने पिवळा-निळा आणि तांबडा-हिरवा या विरोधी जोड्यांवर दृष्टीची उपपत्ती रचली, तेव्हा गटेची मूळ जोडी शरीरशास्त्रात मान्य झाली, भौतिकशास्त्रात मात्र कधीच नाही. चित्रकारांनी हा निकाल ऐकायची वाट पाहिली नव्हती. ईस्टलेकचे इंग्रजी भाषांतर १८४० मध्ये आले, आणि १८४३ मध्ये टर्नरने जलप्रलयाची दोन चित्रे जोडीने प्रदर्शित केली. एकात प्रलयापूर्वीची संध्याकाळ, सावळी-निळसर. दुसऱ्यात नंतरची सकाळ, पिवळ्याच्या भोवऱ्यात फिरणारी, आणि तिच्या शीर्षकातच गटेच्या सिद्धांताचा उल्लेख. दोन्ही चित्रे लंडनच्या टेट संग्रहात आहेत.